तिघांतले दोघे: एका कबड्डीपटूच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणारा तासगाव भागातला आहे. वय 24, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी गावच्या मंडळाकडून कबड्डी. 65 किलो वजनी गटात डावा कॉर्नर, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकाला खेळतो. त्याच्या संघात तो धरून तिघे समलिंगी आहेत आणि हे त्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. आधी मन मोकळं केलं ते संघाच्या मुख्य रेडरने, म्हणजे चढाई करणाऱ्याने, याच्याजवळ. पुढे डावा इन, म्हणजे कॉर्नरच्या लगेच शेजारी खेळणारा मुलगाही त्यांच्यात आला आणि तिघांची घट्ट दोस्ती जमली. गेल्या गणपतीपासून कॉर्नर आणि इन एकमेकांच्या प्रेमात आहेत. रेडरला त्यांनी हे सांगितलेलं नाही. हल्ली रेडर सरावाला टाळाटाळ करतो, आला तरी बोलत नाही. "तुम्ही दोघं बदललाय," एवढंच एकदा म्हणाला. प्रश्न असे आहेत: दोस्तीत प्रेम आणून मी वाटोळं केलं का? संघ सोडू का? मैदानात कुणाच्या लक्षात येईल का? आणि घरच्यांनी पुढच्या महिन्यात मुलगी बघायचा कार्यक्रम ठरवलाय, त्याचं काय करू?

मी सांगली-मिरजेत समुपदेशनाचं काम करते. स्वतः खो-खो खेळले आहे आणि बरीच वर्षं खेळाडू मुलामुलींचं ऐकते आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

तुला उत्तर आधी सांगते, कारणं मागून. संघ सोडू नकोस. प्रेमात पडलास यात काही वाटोळं झालेलं नाही. पण रेडरला सांगायला उशीर झालाय. मुलगी बघायच्या कार्यक्रमाच्याही आधी, येत्या आठ-दहा दिवसांत त्याला सांग. तुझ्या चारही प्रश्नांपेक्षा निकडीचं तेच आहे, आणि नेमकं तेच तू सगळ्यात कमी ओळींत लिहिलंयस.

असं का म्हणते ते बघ. गावाकडच्या मुलाला प्रेम मिळणं अवघड, हे सगळेच बोलतात. त्याहून दुर्मीळ आहे ते असा मित्र मिळणं, ज्याच्यासमोर बोलताना वाक्य जुळवावं लागत नाही. पुण्यात असतास तर समलिंगी माणसांसाठी 2002 पासून काम करणारा समपथिक ट्रस्ट आहे, 2011 पासून प्राइडची पदयात्रा निघते, ओळखी होतात. एक मैत्री तुटली तर दुसरीला वाव असतो. तुमच्याकडे तिघे आहात, आणि त्या तिघांना एकत्र आणलं ते रेडरच्या धाडसाने. त्याने तोंड उघडलं नसतं तर तुला इन मिळालाच नसता. आज तो बाहेर उभा आहे आणि त्याला वाटतंय की आपणच उघडलेल्या दारातून आपल्याला काढलं. त्याला मत्सर वाटत असेलही, पण माझ्या अनुभवात मत्सरापेक्षा हे फसवलं गेल्याचं दुःख जास्त खोल जातं. तुम्ही दोघांनी जगापासून प्रेम लपवणं त्याला समजेल. त्याच्यापासून लपवलंत, हे त्याला समजणार नाही.

तू लिहितोस की त्याचा माझ्यावर जीव असेल अशी शंका येते, म्हणून सांगायला भीती वाटते. असेल त्याचा जीव. अशा छोट्या गटांत हे फार वेळा होतं. वर्षानुवर्षं जी गोष्ट पोटात ठेवली ती पहिल्यांदा कुणापाशी बोलली, समोरच्याने तोंड फिरवलं नाही, उलट "माझंही तसंच आहे" म्हणाला, की त्या क्षणाचा दिलासाच एवढा मोठा असतो की त्यालाच प्रेम समजण्याची शक्यता असते. कधी ते खरोखर प्रेम असतं, कधी नसतं. हेच तुलाही लागू आहे, म्हणून इनबद्दलही एकदा स्वतःला विचार. आपलं गुपित उद्या सगळ्यांना कळलं, त्यातली धास्ती संपली, तर हा मुलगा मला तेवढाच हवा आहे का? त्याच्याशी भांडता येतं का? त्याच्या आवडीनिवडी, त्याचा आळस, त्याचं पैशाचं वागणं हे सगळं मला माहीत आहे का, की फक्त तो "आपल्यातला" आहे एवढंच माहीत आहे? तुझ्या पत्रावरून वाटतं की तुम्ही एकमेकांना चांगले ओळखता. त्याच्या वडिलांच्या आजारपणात तू मिरजेला दवाखान्यात रात्री काढल्यास, त्याने तुझ्या रात्रपाळीच्या दिवसांत डबा पोचवला. ही चांगली खूण आहे.

आता सांगायचं कसं. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको, आणि प्यायल्यावर नको. सामना हरल्यावर गाडीतून परतताना नको. दोघांनी जोडीने जाऊन सांगू नका. तो एकटा आणि समोर तुम्ही दोघे असं झालं तर त्याला आणखी एकटं वाटेल. तू एकटा जा. तुझ्याजवळ तो पहिल्यांदा बोलला होता, तेव्हा हे ऋण तुझं आहे. त्याच्या जागी जा. तू लिहिलंयस की त्याची द्राक्षबाग आहे. मग बागेत जा, जे काम चाललं असेल त्याला हात लाव. छाटणी असो, विरळणी असो, हात कामात असले की डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही आणि अवघड गोष्ट तोंडातून निघते. हरिपूरच्या संगमावर किंवा दंडोबाच्या डोंगरावर घेऊन जाण्याचा मोह होईल, पण तिथे तू बोलून झाल्यावर त्याला परत तुझ्याच गाडीवर मागे बसून यावं लागेल. स्वतःच्या बागेत असला तर तो हवं तेव्हा "जा आता" म्हणू शकतो. हा अधिकार त्याच्याकडे राहू दे.

शब्द साधे ठेव. "भावा, एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. आमचं दोघांचं जमलंय, गणपतीपासून. तुला आधी सांगायला पाहिजे होतं. भीत होतो तुझी दोस्ती जाईल म्हणून." एवढं बोलून थांब. "तुला वाईट नाही ना वाटलं?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला "नाही" असंच द्यावं लागतं, मग जे वाटलंय ते तो घेऊन घरी जातो. "तुलाही कोणीतरी मिळेल" हे तर नकोच. तो चिडला तर चिडू दे. त्याने सांगितलं की माझाही तुझ्यावर जीव आहे, तर "मला माहीत नव्हतं" असं खोटं बोलू नकोस, कारण तुला शंका होतीच. "मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही, पण तू मला हवा आहेस मित्र म्हणून" हे एकदाच, स्पष्ट सांग. अर्धवट आशा ठेवून बोलणं त्या क्षणी दयेचं वाटतं, पण नंतर महिनोन् महिने समोरचा त्याच वाक्याचा अर्थ लावत बसतो.

त्यानंतर त्याला वेळ दे. किती, हे तो ठरवेल. त्या काळात रोज मेसेज करून खुशाली विचारू नकोस. आणि पुढे जेव्हा बोलणं सुरू होईल तेव्हा एक पथ्य पाळा. दरवेळी तिघांनीच भेटायचं असं ठेवू नका. तुझी आणि रेडरची जी जुनी दोस्ती आहे तिला स्वतःचा वेळ दे, इनला मध्ये न आणता. इन आणि रेडरचीही वेगळी ओळख असू दे. तिघांच्या मैत्रीत दोन जण जोडीदार झाले की तिसरा नेहमी पाहुणा होतो, आणि हे टाळण्याचा मला माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे तिन्ही नाती वेगवेगळी जपणं. तुमचं दोघांचं भांडण झालं तर मिटवायला रेडरला बोलवू नका. तो तुमचा पंच नाही.

आता मैदानाचं. तुझा प्रश्न असा की आम्ही शेजारी शेजारी खेळतो, लक्षात येईल का. कबड्डी बघणाऱ्या कुणालाही विचार, साखळीत हात धरलेले खेळाडू त्याला दिसतच नाहीत इतके ते सवयीचे आहेत. डाव्या कॉर्नरचा उजवा हात इनच्या डाव्या हातात, पंजे घट्ट, समोरच्या संघाचा रेडर आत आला की दोघे एका लयीत मागे-पुढे. त्या 30 सेकंदांत तुमचं सगळं बोलणं हातातूनच चालतं. बोटं दाबली की थांब, सैल सोडली की मी जातोय. हे प्रेम जमण्याच्या आधीही तुम्ही करत होतात. लोकांच्या लक्षात येतं ते हात धरलेलं नाही. लक्षात येतं ते खेळ बिघडल्याचं.

आणि खेळ बिघडतो दोन प्रकारे. एक, आदल्या रात्री भांडण झालंय, इनचा हात नीट धरलेला नाही. तू घोट्याला झेप टाकतोस, पण साखळी मागून येत नाही, समोरचा रेडर तुला ओढत मध्यरेषेला हात लावतो आणि तू बाद. दुसरा प्रकार कमी बोलला जातो. समोरचा रेडर इनच्या अंगावर आला की तुला राहवत नाही, वेळेआधीच पुढे झेपावतोस, कोपरा उघडा पडतो, समोरचा बोनस गुण घेऊन जातो. प्रशिक्षक ओरडतात, "घाई कशाची तुला?" घाई इनला इजा होऊ नये याची असते. हे तुझ्याबाबतीत होतंय असं मला पत्रातून वाटलं, कारण गेल्या दोन स्पर्धांत तुझ्या पकडी कमी झाल्याचं तू स्वतःच लिहिलंयस. त्याला इलाज आहे. सरावात काही दिवस जागा बदलून खेळा, तू उजव्या कॉर्नरला जा किंवा इनला कव्हरला खेळू दे, म्हणजे त्याच्यावर चढाई होताना बघण्याची आणि जागेवर थांबण्याची सवय होईल. मग परत शेजारी या. आणि भांडणाबद्दल एक नियम दोघांत ठरवून टाका: मैदानाच्या आत ते आणायचं नाही, बूट काढल्यावर बोलायचं.

खेळाच्या मानसशास्त्रात संघाची एकजूट दोन तऱ्हांनी बघतात, एक कामापुरती आणि दुसरी जिव्हाळ्याची. कॅनडाचे अल्बर्ट कॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी 1980 च्या दशकात केली. आपल्या संघांना मी हे नेहमी सांगते, कारण आपल्याकडे समज असा की जिव्हाळा असला की खेळ आपोआप चांगला होतो. तसं होतंच असं नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे खेळाडूही नेमकी साखळी धरू शकतात, आणि जिवलग मित्रही सामना घालवू शकतात. तुमच्याकडे जिव्हाळा भरपूर आहे. कामाची शिस्त वेगळी पाळावी लागेल, एवढंच.

एकाच संघात जोडीदार असणं ही जगात नवी गोष्ट नाही. मुंबई इंडियन्सच्या महिला संघातली नॅट सिव्हर-ब्रंट तुला माहीत असेल. ती आणि कॅथरिन ब्रंट इंग्लंडकडून एकत्र खेळल्या आणि 2022 मध्ये त्यांनी लग्न केलं. दक्षिण आफ्रिकेची मारिझान कॅप आणि तिची तेव्हाची कर्णधार डेन व्हॅन नीकर्क यांचं लग्न 2018 मध्ये झालं. हॉकीत केट आणि हेलन रिचर्डसन-वॉल्श यांनी लग्नानंतर तीन वर्षांनी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून एकाच संघात सुवर्णपदक जिंकलं. सगळी उदाहरणं बायकांची आहेत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पुरुषांच्या सांघिक खेळांत खेळत असताना उघडपणे बोलणारे आजही थोडे आहेत. म्हणून लंडनमध्ये 1995 साली किंग्ज क्रॉस स्टीलर्स हा रग्बी क्लब समलिंगी पुरुषांनी स्वतःच काढला, आणि तो आजही हौशी पातळीवर खेळतो. आपल्याकडे धावपटू द्युती चंदने 2019 मध्ये आपल्या नात्याबद्दल जाहीर सांगितलं, तीही ओडिशातल्या एका खेड्यातली मुलगी. हे मी तुला जाहीर करायला सांगण्यासाठी लिहीत नाही. पकडीच्या वेळी जे तुला पाप वाटतं ते दुसरीकडे लोक घेऊन खेळले आणि जिंकलेही, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

शरीराबद्दल तू भीतभीत विचारलंयस, की अंगाला अंग लागतं, काही वेगळं वाटलं तर. समलिंगी खेळाडू हे फार विचारतात, आणि इतर खेळाडू मनात धरतात की अशा मुलाला पकडीत वेगळाच रस असणार. जोर लावताना, दम लागलेला असताना, गुडघा सांभाळताना मनाला दुसरं काही सुचत नाही. हे तुलाही माहीत आहे, कारण तू इतकी वर्षं खेळतोयस. कपडे बदलताना, मालिश करताना क्वचित अवघडल्यासारखं झालं तर पाठ फिरवून उभा राहा, पाणी प्यायला जा, संपलं. त्यावरून स्वतःला घाणेरडा ठरवू नकोस. दुसऱ्याच्या मर्जीशिवाय काही करत नाहीस, तोवर मनात येणाऱ्या गोष्टीचा गुन्हा होत नाही.

संघातल्या इतरांना सांगायचं का? सध्या नको, आणि सांगायचं तर तिघांच्या संमतीने. सातजणांच्या संघात एकाने स्वतःचं सांगितलं की उरलेल्या दोघांकडे माना वळतात, म्हणून हा एकट्याचा निर्णय राहत नाही. प्रशिक्षकांना सांगावं असं तुला वाटतं, कारण ते वडिलांसारखे आहेत. आधी एवढंच बघ की सरावात कुणी पकड सोडली की पोरं "बायल्या", "छक्का" म्हणतात तेव्हा ते काय करतात. हसतात, गप्प बसतात, की दटावतात. दटावणारा माणूस असेल तर पुढेमागे विचार करता येईल. हसणाऱ्याला सांगू नकोस, मग तो कितीही जीव लावत असो. मंडळाचं राजकारण तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्गणी, निवड, कर्णधारपद यावरून रुसवे-फुगवे असतात आणि अशा वेळी कुणाच्याही हातात असलेली माहिती हत्यार होते. आणि हो, तू पुढे कर्णधार झालास तर इनच्या निवडीच्या वेळी निर्णय दुसऱ्यावर सोपव.

हत्यारावरून फोनची गोष्ट. तुम्ही दोघांचे फोटो एकमेकांना पाठवलेत असं लिहिलंयस. चेहरा आणि उघडं अंग एकाच फोटोत असेल ते सगळे काढून टाका, गुगल फोटोजच्या बॅकअपमधूनही. संघाच्या दौऱ्यात पोरं एकमेकांचे फोन घेतात. ग्राइंडरसारख्या समलिंगी पुरुषांच्या डेटिंग अ‍ॅपवरून भेटायला बोलावून मारहाण आणि लुबाडणूक करणाऱ्या टोळ्या आहेत, त्यामुळे रेडर हल्ली त्या अ‍ॅपवर असेल, आणि एकटं पडलेला माणूस असतोच, तर त्याला सांगा की पहिली भेट चारचौघांत, दिवसा, आणि कुठे जातोय हे तुम्हा दोघांपैकी एकाला कळवून. कुणी फोटोवरून पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की मागणं थांबत नाही. अशी खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे. खाजगी अंगाचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ई कलमाखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार करताना तुम्हीच अडकाल ही भीती मनातून काढा. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं जुन्या दंड संहितेतलं, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 रद्दबातल ठरवलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही.

इन पोलीस भरतीची तयारी करतोय, खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून जायचं म्हणतोय, आणि त्याला वाटतं की हे कळलं तर भरती गेली. अर्जात किंवा शारीरिक चाचणीत लैंगिकतेबद्दल कुणी विचारत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 च्या निकालात सांगितलं, आणि लैंगिक कल त्यात येतो हेही त्याच निकालात आहे. उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डला समलिंगी नात्यावरून काढलं होतं, 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं. हे त्याला वाचून दाखव. त्याने अभ्यासाला आणि धावण्याला लागावं.

तब्येतीचं थोडक्यात. तुम्हा दोघांचे संबंध असतील तर कंडोम वापरा आणि दोघांनी एकदा एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सांगलीच्या आणि मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती माहिती कुणाला देता येत नाही. चुकून धोक्याचा संबंध आलाच तर 72 तासांच्या आत रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या विचारायच्या, जितकं लवकर तितकं चांगलं. घामाने, एकत्र पाणी प्यायल्याने, पकडीने एचआयव्ही पसरत नाही, हे एवढ्यासाठी सांगते की संघात उद्या कुणी तसं म्हणालं तर तुला उत्तर देता यावं. सांगलीत 1992 पासून काम करणारी संग्राम ही संस्था आहे. तिथूनच वॅम्प ही देहविक्री करणाऱ्या बायकांची आणि पुढे पुरुष व तृतीयपंथींची मुस्कान ही संघटना उभी राहिली. तुमचं जगणं त्यांच्याहून वेगळं असेल, पण या जिल्ह्यात समलिंगी माणसाला न दचकता ऐकून घेणारी माणसं शोधायची तर तिथे आहेत.

आता घरचं. तू लिहितोस की लग्न केलं तर सगळं शांत होईल, इनही असंच म्हणतो, दोघे लग्न करू आणि दोस्ती चालू ठेवू. असं करून बसलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या बायकाही येतात. बायका येऊन काय सांगतात ते ऐकलंस तर पुन्हा हा विचार करणार नाहीस. नवरा वाईट वागत नाही, मारत नाही, पगार हातात देतो, आणि रात्री पाठ करून झोपतो. ती वर्षभर आरशात बघून स्वतःतच खोट शोधत राहते. सासू मूल कधी विचारते ते तिला. पळत मैदानावर जाता येतं ते नवऱ्याला, तिला जायला जागा नाही. त्या मुलीला तू अजून पाहिलेलंही नाहीस, पण तुझ्या निर्णयात तिचं अख्खं आयुष्य आहे. यावर माझं मत ठाम आहे: लग्न करू नकोस.

दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याने मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोडला. एकत्र राहायला मात्र कुणी अडवू शकत नाही. ते आज गावात जमणार नाही, हे मलाही दिसतं. सांगलीत किंवा पुण्यात नोकरी बघून, दोन-तीन वर्षांत पायावर उभं राहून हळूहळू ते जमवता येतं, आणि बरेच जण तसं करतात.

आईला काय सांगायचं ते तुझ्या तयारीवर आहे. नोकरी कायम नसेल, घर वडिलांच्या ताब्यात असेल, मारहाणीची भीती असेल तर आज खरं सांगायची घाई करू नकोस. सांगितलंस आणि घरच्यांनी डॉक्टर, बाबा, देवऋषी सुरू केले तर एवढं लक्षात ठेव की जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती "बरी" करण्याचे उपचार हा डॉक्टरचा गैरव्यवहार ठरवला. असा उपचार करतो म्हणणाऱ्या डॉक्टरची तक्रार करता येते. रात्री-अपरात्री जीव घाबरला, काही बरंवाईट मनात आलं, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रेडरलाही हा नंबर देऊन ठेव.

आणि पुढच्या महिन्याचा कार्यक्रम व्हायच्या आधीच थांबव. पोहे खाऊन, मुलीला समोर बसवून, मग नकार देऊ नकोस. आईला आत्ताच सांग की मला दोन-तीन वर्षं लग्न करायचं नाही, नोकरी आणि खेळ बघायचाय. ती रडेल, वडील चिडतील, मामा समजवायला येतील, तरी तेवढंच वाक्य धरून राहा, कारणं वाढवू नकोस. वाढवलेल्या प्रत्येक कारणाला मामांकडे तोड असते. मध्यस्थाला निरोप जाईल तेव्हा तो तू स्वतः ऐक, आणि शब्द असेच असू दे: "मुलगा सध्या लग्नाला तयार नाही." मुलगी पसंत नाही, शिक्षण कमी आहे, पत्रिका जुळत नाही असलं काही त्यात येऊ देऊ नकोस. तिच्या घरी पुढचं स्थळ येईल तेव्हा तुझ्या घरून गेलेल्या नकाराचं कारण गावभर आधीच पोचलेलं असतं.